गफलतसेनाचं मरण

दहापैकी शून्य मार्क मिळवणं सोपं नसतं. खोटं वाटत असेल तर करून पाहा. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय, त्यातला एक बरोबर. डोळे मिटून बोट दाबत गेलात तरी तीन-चार उत्तरं नशिबानं बरोबर येतातच. आणि गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावातल्या एका राइस मिलमधल्या अडतीस माणसांनी, एकाचाही अपवाद न होता, दहाच्या दहा प्रश्न चुकवले होते. सकाळी साडेसातला चहाचा कप हातात घेऊन मी लॅपटॉपवर तो निकाल पाहत बसले आणि चहा पार गार झाला.

मी रंजिता. कामगारांसाठी ट्रेनिंगचे कोर्स बनवते. म्हणजे स्क्रीनवर चित्रं, आवाज, प्रश्न, बटणं, आणि माणूस जे बटण दाबेल त्याप्रमाणे पुढे वेगळं काही घडत जाणारी गोष्ट. पुण्यातल्या एका कंपनीत चार वर्षं मी हेच केलं. आग लागली तर काय करावं, पासवर्ड कुणाला सांगू नये, खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसावं. मन लावून केलं, आणि ते कुणीही पाहिलं नाही. चाळीस मिनिटांचा कोर्स लोक सहा मिनिटांत उरकायचे. आवाज बंद, पुढे, पुढे, पुढे, झालं, द्या सर्टिफिकेट. एकदा तर मी एका कोर्सच्या शेवटच्या स्क्रीनवर लिहून ठेवलं होतं, ‘हे वाचलंत तर मला फोन करा, चहा माझ्याकडून.’ नऊशे लोकांनी तो कोर्स पूर्ण केला. फोन एकाचाही आला नाही.

मग घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी गोरेगावला आईबाबांकडे परत आले. दोन वर्षं झाली. मला इथं इतकं बरं वाटतं की सांगायची लाज वाटते. बुधवारच्या मीटिंगमधून उठून आठवडी बाजारात जाता येतं, स्कूटी काढली की दहा मिनिटांत धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात, आणि रस्त्यात भेटणारं प्रत्येक माणूस विचारतं, ‘का करून राहिली वो?’ पुण्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं.

पण डिसेंबरात कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. माझ्या वरच्या अल्का मॅडमना मी विनवून म्हटलं, आमच्या गोंदिया जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे राइस मिल आहेत, त्यांना असले कोर्स कुणी करून देत नाही, मी देते. मॅडम म्हणाल्या, “एक करून दाखव. जमलं तर तिथूनच काम कर. नाही जमलं तर एक फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता पुण्याच्या ऑफिसात दिस.” मी हो म्हटलं. आईनं तर त्याच रविवारी विहारात सगळ्यांना सांगूनही टाकलं की आमची रंजिता आता इथंच राहणार. म्हणजे माघार घ्यायची सोयही तिनं ठेवली नाही.

ती एक मिल भूपेंद्र शेठची. शेठ गोंदियाचे, बोलणं हिंदीत. त्यांना तांदूळ परदेशात पाठवायची ऑर्डर मिळत होती, पण खरेदीदाराची अट होती की प्रत्येक कामगारानं सुरक्षेचं ट्रेनिंग घेतलेलं असावं आणि परीक्षेत निदान ऐंशी टक्के मिळवलेले असावेत. बावीस जानेवारीला नागपूरहून तपासणीसाठी मॅडम येणार होत्या.

“बेटा, तुम ही सबका बटन दबा दो ना,” शेठ म्हणाले. “झंझट खतम.”

मी म्हटलं, “शेठ, असले धंदे मी करत नाही.” आणि तोऱ्यात स्कूटीला किक मारली. सुरू झाली नाही, पण तोरा कायम होता.

कोर्सची पहिली आवृत्ती मी पुण्याच्या सवयीनं केली. निळी स्क्रीन, आणि पुण्याच्याच एका बाईंचा गोड आवाज, ‘कृपया शिरस्त्राण परिधान करा.’ जेवणाच्या सुट्टीत मिलच्या शेडमध्ये सहा टॅब ठेवले आणि लोकांना दाखवलं. पंचवीस वर्षं मिलमध्ये झाडलोट आणि पाखडणी करणाऱ्या सुलोचनाबाईनं दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “ही बाई बिमार आहे का वो?” बाकीचे तोवर पानठेल्यावर निघून गेले होते.

त्या दिवशी तणतणत मी गेटमधून बाहेर पडत होते, आणि तेवढ्यात चौकीदार कवडूकाकांनी एक ट्रक अडवला. ट्रकवाला न थांबता आत घुसू पाहत होता. कवडूकाका स्टुलावरून उठले, छाती पुढे काढली आणि हसले. नुसते हसले. ‘हाऽ हाऽ हाऽ’ असं, बेंबीच्या देठापासून. ट्रक जागच्या जागी थांबला. मीही थांबले.

कवडूकाका म्हणजे झाडीपट्टीतल्या नाटकांतले नावाजलेले खलनायक. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथं नाटकं होतात, आणि लोक घोंगड्या पांघरून उजाडेपर्यंत बसतात. तीस वर्षं काकांनी तिथं दुष्ट राजे आणि पाताळयंत्री दिवाण केले. कोहमाऱ्यापासून इटियाडोहपर्यंतचे लोक नाटकांची नावं विसरलेत, कवडूचं हसणं नाही. गुडघे गेले तसे काका मिलच्या गेटवर बसले.

मी तिथंच स्कूटी लावली. रात्रीतून नाही, पण तीन दिवसांत एक राजा तयार झाला. नाव काकांनीच ठेवलं, गफलतसेन. मिशा मी काढल्या, मुकुट मी काढला, आवाज काकांचा. कामगारानं चुकीचं उत्तर दिलं की ढग गडगडायचे, गफलतसेन पोत्यांच्या सिंहासनावर प्रकट व्हायचा, हसायचा, दोन वाक्यं फेकायचा आणि चुकलेल्या माणसाला आपला सेवक करून त्याच्या हाती पंखा द्यायचा. बरोबर उत्तर दिलं की हिरवी खूण. झालं, कोर्स मिलमध्ये लावला. आणि सोळा जानेवारीच्या सकाळी निकाल पाहिला: अडतीस माणसं, तीनशे ऐंशी उत्तरं, सगळी चूक.

नऊ वाजता अल्का मॅडमचा फोन आला. “सिस्टिममध्ये काही बिघाड आहे का गं?”

“नाही मॅडम, तपासलं मी.”

“मग वेळ बघितलास का? पंचवीस मिनिटांच्या कोर्सला माणशी एक तास पन्नास मिनिटं लागलीत! इतका अवघड केलास?”

एक तास पन्नास मिनिटं. मी तो आकडा पाहिलाच नव्हता. चार वर्षांत माझा कोर्स कुणी पूर्ण वेळ पाहिला नव्हता, आणि इथं लोक चारपट वेळ बसले होते. मी तशीच मिलकडे निघाले.

जेवणाची सुट्टी झाली होती. शेडमध्ये सुलोचनाबाई टॅब मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या खांद्यावरून सात-आठ बायका वाकल्या होत्या. कुणीतरी प्रश्न मोठ्यानं वाचला. चालू पट्ट्यात पोत्याची सुतळी अडकली आहे, तुम्ही काय कराल? एक, हातानं ओढाल. दोन, आधी मशीन बंद कराल. तीन, पायानं ढकलाल.

“बरोबर कोनतं वो?” सुलोचनाबाईनं विचारलं.

“दुसरं!” सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

“मंग दुसरं सोडून सांगा. हात का पाय?”

“हात झाला सकारी. आता पाय दाबा.”

सुलोचनाबाईनं पाय दाबला. ढग गडगडले. गफलतसेन प्रकट झाला. “हाऽ हाऽ हाऽ! धन्य ते चरण! ज्या पायांनी कामावर आलास, ते पाय आज माझ्या दरबारी जमा झाले! कोण आहे रे तिकडे? या वीराला पंखा द्या!” शेडमध्ये हशा फुटला, कुणी शिट्टी मारली, कोपऱ्यातून एक हमाल ओरडला, “वन्स मोअर!” आणि गेटवरून, दोनशे फुटांवरून, खऱ्या गफलतसेनानं उत्तरादाखल हसून दिलं.

“मावशी,” मी म्हटलं, “उत्तर येते न तुम्हाले? मग काऊन चुकवून राहिल्या?”

सुलोचनाबाईनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बरोबर दाबलं त का होते, पोरी?”

“हिरवी खूण येते.”

“हिरवी खून पाहून का करू मी? इकडं दाबलं त राजा येते.”

चार वर्षं मी मोठमोठ्या ऑफिसांत लोकांनी कोर्स का पाहावा यावर डोकं फोडलं, आणि सुलोचनाबाईनं मांडीवर टॅब ठेवून एका वाक्यात माझी चूक दाखवली होती. सगळी मजा मी चुकीच्या उत्तरात भरून ठेवली होती. दहाच्या दहा चुकवायचे तर दहाच्या दहा उत्तरं पाठ असावी लागतात, आणि ती या लोकांना पाठ होती. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मला तिथं शेडमध्ये नाचावंसं वाटत होतं.

नाचून मात्र ऐंशी टक्के मिळणार नव्हते. अल्का मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग ऑफिसच्या आवाजात म्हणाल्या, “तो राजा काढून टाक. साधे प्रश्न ठेव. सहा दिवस उरलेत, रंजिता.”

“राजा काढला तर ती निळी स्क्रीन उरते मॅडम, आणि माणसं पानठेल्यावर जातात.”

“मग तू बघ. तारीख तुला माहीत आहे.”

मी गेटवर गेले. काका खुशीत होते. अडतीसच्या अडतीस माणसांनी हिरव्या खुणेला लाथ मारून त्यांना निवडलं होतं, आणि त्यात ते स्वतःही होते. आपलाच आवाज ऐकायला त्यांनीही दहा प्रश्न चुकवले होते. मी त्यांना सगळी अडचण सांगितली. पास झाले नाहीत तर शेठची ऑर्डर गेली, आणि मी पुण्याला.

“तू कायले जाशीन पुन्याले?” काका एकदम गंभीर झाले. “का करा लागते सांग.”

“उलटं करू. लोकांनी बरोबर उत्तर दिलं की तुम्हाला मार. दर प्रश्नाला एक रट्टा.”

काकांनी मान हलवली. “तू शिकलेली आहेस पन नाटक नाही समजत तुले. पह्यल्याच सवालात मी मार खाल्ला, त दुसऱ्या सवालाले कोन बसन? खलनायकानं मार खाऊ नाही. त्याचा राग वाढत गेला पाह्यजे. लोकायनं बरोबर दाबलं का मी चिडतो. अजून दाबलं, अजून चिडतो. मुकुट फेकतो, मिशा उपटतो, शाप देतो.”

“आणि चुकलं तर?”

“चुकलं त मी झोपतो. घोरतो. झोपलेला खलनायक पाहाले कोन तिकीट काढन?”

हे मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. “आणि दहाही बरोबर आले तर काका?”

काकांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग हळूच म्हणाले, “त मी मरतो.”

आणि मग त्यांनी सांगितलं की तीस वर्षांत ते स्टेजवर एकदाही धड मेले नाहीत. हिरोची तलवार लागली की प्रेक्षकांच्या टाळ्या पडायच्या, दिवे जायचे, काकांनी अंधारात सरपटत विंगेत जायचं, आणि दिवे आले की हिरो-हिरॉइनचं गाणं सुरू. “मरन मी लय मेहनतीनं बसवलं होतं पोरी. घरी, कोठ्यात, म्हशीसमोर. पन दिग्दर्शक म्हने, कवडू, तू मरशीन मंग गानं कवा होईन?”

“किती वेळाचं आहे?”

“सहा मिनिटायचं.”

कोर्समध्ये सहा मिनिटांचं मरण घालू नये, हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळतं. मी म्हटलं, “घालू.”

रविवारी मिल बंद होती. आवाज भरायला आमचा स्टुडिओ म्हणजे गोदाम, कारण दोन्ही बाजूंना छतापर्यंत धानाच्या पोत्यांच्या थप्प्या असल्या की बाहेरचा चिटपाखराचाही आवाज आत येत नाही. मधल्या बोळात काका, मी आणि माझा मोबाइल. आधी राग भरला. पहिल्या उत्तराला काका नुसते गुरगुरले, पाचव्याला त्यांनी मला, मिलचा हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजीला आणि बॉयलरला शाप दिला, नवव्याला तर असे कडाडले की थप्पीवरची मांजर उडी मारून पळाली. मग घोरणं भरलं. आणि मग मरण.

काय सांगू! गफलतसेन अडखळला. पाणी मागितलं. आलेलं पाणी नाकारलं. सगळ्या शत्रूंना क्षमा केली, मग एकेकाची आठवण येऊन परत काढून घेतली. आईला हाक मारली. हेल्मेट घालत जा म्हणाला. मेला. मग एक डोळा उघडून, “आधी मशीन बंद करत जा रे,” एवढं बोलला आणि पुन्हा मेला. मी पोत्याला टेकून हसत होते, हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि काका ‘आई’ म्हणाले तिथपासून ते पाणी हसण्याचं नव्हतंच. गुडघे गेलेला माणूस जमिनीवर पडला होता आणि त्याला उठवायला मला हात द्यावा लागला.

“बरं झालं का?” त्यांनी कपडे झटकत विचारलं.

“काका, असं मरण मी पाहिलं नाही.”

सोमवारी सकाळी नवा कोर्स मिलमध्ये लावला. काकांना कुठला धीर निघायला! गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, “दाही बरोबर करा बे, मंग पाहा मी कसा मरतो! पोट फाडून मरतो!” मी म्हटलं, वा, फुकटात जाहिरात. बुधवारी संध्याकाळी निकाल पाहिला तर सगळी नावं हिरवी, सगळे पास. मी पुढचं काही वाचलंच नाही. अल्का मॅडमना फोन केला, आईला मिठी मारली, आणि समोसे आणायला बाहेर पडले.

तिथंच गाढवपणा केला.

बावीस तारखेला तपासणीच्या मॅडम आल्या. नाव आचल, वय माझ्याएवढंच, चष्मा, हातात फाइल, चेहऱ्यावर हसू नाही. भूपेंद्र शेठनी काजूची प्लेट पुढे केली, ती त्यांनी बाजूला सरकवली आणि निकालाचा कागद वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं.

“सदतीस लोकांना नेमके नव्वद टक्के?”

मी वाकून पाहिलं. खरंच. वरपासून खालपर्यंत नव्वद, नव्वद, नव्वद. शंभर फक्त एकाला, कवडू चौकीदार.

“आणि सगळ्यांचा दहावाच प्रश्न चुकला आहे,” आचल मॅडम म्हणाल्या. “हे अडतीस लोकांनी सोडवलेलं नाही. एकाच माणसानं बसून भरलेलं आहे. असा रिपोर्ट मी पास करू शकत नाही.”

शेठ माझ्याकडे पाहू लागले, आणि त्यांच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं की या पोरीनं शेवटी बटणं दाबलीच, आणि दाबली तीही धड नाहीत. एक फेब्रुवारी, सकाळी नऊ. विहारातल्या बायका. आईचा चेहरा.

“मॅडम,” मी म्हटलं, “यातल्या कुणालाही बोलवा. कुणालाही.”

आचल मॅडमनी यादीवर डोळे मिटून बोट ठेवलं. सुलोचनाबाई. ती पदराला हात पुसत आली.

“दहावा प्रश्न आठवतो?” आचल मॅडमनी विचारलं. “टाकीत धान अडून बसलं आहे, खाली येत नाही. काय कराल?”

“आत उतरू नाही,” सुलोचनाबाई लगेच म्हणाली. “धान मानसाले गिळते. आधी खालची मशीन बंद कराची, वरून लंब्या बांबूनं मोकळं कराचं. अन् एकट्यानं नाही, दुसरा मानूस उभा पाह्यजे.”

“अगदी बरोबर. मग टॅबवर चुकलं कसं?”

“चुकलं नाही बाई. चुकवलं.”

“का?”

“दहावं बरोबर दाबलं त तो मरते न.” सुलोचनाबाईनं गेटच्या दिशेनं हनुवटी उडवली. “म्हातारा मानूस. गुडघे दुखते त्याचे. सांगून राहिला होता पोट फाडून मरतो म्हने. आमी म्हटलं, कायले मारा लागते? ऐंशीत पास आहे न? नव्वद झाले. दहावं चुकवलं का तो झोपते बिचारा. झोपू दे.”

आचल मॅडमनी चष्मा काढला. “कोण मरतं?”

मी टॅब त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पहिला प्रश्न उभ्यानं सोडवला, दुसरा पोत्यावर बसून. तिसऱ्याला गफलतसेनानं त्यांना ‘नागपूरची चांडाळीण’ म्हटलं नाही, तेवढं मी लिहिलं नव्हतं, पण जे म्हटलं त्यानं त्यांचा एक खांदा हलला. पाचव्याला त्या हसल्या. तोवर सुट्टीची घंटा झाली आणि एकेक करत सगळी मिल त्यांच्यामागं येऊन उभी राहिली, हमाल, बायका, मशीनवाले, डोक्याला कोंडा लागलेले सगळे. सहावा बरोबर, सातवा बरोबर. आठव्याला राजानं मुकुट फेकला, नवव्याला मिशा उपटल्या.

दहावा प्रश्न आला. आचल मॅडमचं बोट बरोबर उत्तराकडे गेलं.

“बाई,” सुलोचनाबाई हळूच म्हणाली, “आता तुमच्या हाती आहे.”

बोट थांबलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. सदतीस माणसं श्वास रोखून उभी होती, आणि अडतिसावा गेटवर ट्रकची नोंद करत होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. आचल मॅडमनी बोट उचललं आणि सावकाश, अगदी ठरवून, चुकीच्या उत्तरावर ठेवलं. गफलतसेन आडवा झाला आणि घोरू लागला.

जो गलका झाला तो काय सांगू. टोप्या उडाल्या, एका हमालानं मुनीमजीला उचलून घेतलं, शेठ काही न समजता टाळ्या पिटत होते, आणि सुलोचनाबाईनं तपासणीच्या मॅडमच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. माझ्या कोर्सचा शेवट आजवर कुणी पाहिला नव्हता, कारण तिथवर कुणी डोळे उघडे ठेवून येतच नव्हतं. इथं सगळे दारापर्यंत आले होते आणि काळजीपोटी आत शिरले नव्हते. मी भर शेडमध्ये हुंदके देऊन रडले आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

आचल मॅडमनी आणखी पाच जणांना दहावा प्रश्न तोंडी विचारला. पाचही जणांनी सुलोचनाबाईसारखंच धडाधड सांगितलं. मग त्यांनी सही केली. अल्का मॅडमचा फोन तासाभरात आला. “ऐक,” त्या म्हणाल्या, “तू तिथंच राहा. आणि तो सहा मिनिटांचा तुकडा मला पाठव, कुणाला सांगू नकोस.”

उरलं एकच काम, आणि ते सगळ्यात अवघड होतं. मी गेटवर गेले. काका स्टुलावरून अर्धे उठले.

“झाले न पास? टाळ्या आल्या आयकू. मोठ्या टाळ्या होत्या.” त्यांचा चेहरा फुलला होता. “मरन पाह्यलं म्हना सगळ्यायनं. कसं वाटलं त्यायले? रडले का?”

खोटं बोलायचं मनात आलं होतं. जमलं नाही. “काका, कुणीच नाही पाहिलं.”

“म्हंजे?”

“सगळ्यांनी दहावा प्रश्न मुद्दाम चुकवला. त्या नागपूरच्या मॅडमनीसुद्धा.”

काका लाल झाले. “सहा मिनिटं!” ते गरजले. “तीस वर्सं बसवलं ते मरन! गुडघे फुटले माहे! अन् कोनी पाह्यलंच नाही? काऊन? का खराबी होती त्यात?”

“खराबी काही नव्हती. तुम्ही मरू नये म्हणून. सुलोचनामावशी म्हणाली, म्हातारा माणूस आहे, झोपू द्या.”

बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं, परत खांद्यावर टाकला, परत काढला.

“तीस वर्सं,” ते म्हणाले, “तीस वर्सं लोकं मी कवा मरतो म्हनून जागत बसले. मी पडलो का लेकरं टाळ्या पिटत.” त्यांचा तो गडगडणारा आवाज पार बसला होता. “सुलोचना म्हने झोपू द्या?”

“हो.”

“अन् बाकीचे?”

“सगळेच काका. एकानंही नाही मारलं तुम्हाला.”

ट्रकवाल्यानं पुन्हा हॉर्न दाबला. काकांनी नाक ओढलं, उठून गेट उघडलं, ट्रक आत घेतला, वहीत नंबर लिहिला आणि पाठमोरे उभे राहूनच मला विचारलं, “तू त इथंच आहेस न आता?”

“इथंच आहे.”

“मंग लिही दुसरा कोर्स,” ते म्हणाले. “जिता आहो न मी.”